पहिल्या रांगेतली खुर्ची

माझे यजमान वारले आहेत, हे मला राजसीने सांगितलं. तेही हसत, तिळगुळाची डबी पुढे करून. मी भाजी फोडणीला टाकायच्या बेतात होते, बोटांना लसणाचा वास होता, आणि दारात ही मुलगी गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र अडकवून निघायच्या घाईत. "काकू, शनिवारी संध्याकाळी क्लबहाउसमध्ये हळदीकुंकू आहे. या वेळी आपण वेगळं करतोय. ज्यांचे मिस्टर हयात नाहीत त्यांनाही बोलावतोय. नुसतं बोलावत नाही, पहिल्या रांगेत बसवून पहिलं कुंकू त्यांना. तुम्ही, सरस्वतीकाकू आणि बी विंगमधल्या दोघीजणी. प्लीज नाही म्हणू नका. काकांच्या पश्चात तुम्ही ज्या डिग्निटीने राहता ना, आम्हाला खरंच इन्स्पायरिंग वाटतं." मी "बरं" म्हटलं. तिने गोड बोला म्हटलं, मीही म्हटलं. लिफ्टचं दार लागलं. आत गॅसवर तेल तापून धूर निघाला होता. तो मला आधी दिसला, मग त्याचा वास आला, आणि मग कुठे ती काय बोलून गेली ते कळलं.

तिची चूक नाही, असं मी दिवसभर स्वतःला बजावत राहिले. बदलापूरच्या शिरगावातल्या या सोसायटीत ती येऊन दोन वर्षं झाली असतील. कोणीतरी सांगितलं असेल की तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेत्राकाकू एकट्याच असतात, मुलगा पुण्याला असतो. पुढचं तिने आपलं आपण जुळवलं. मंगळसूत्र मी बाहेर घालत नाही, इकडे फिरायला गेलेल्या बायकांच्या गळ्यातली बाइकवरून येऊन ओढून नेतात, म्हणून ते कपाटात असतं. टिकली हल्ली सगळ्याच लावतात. साठी उलटलेली एकटी बाई, दारावर नवऱ्याच्या नावाची पाटी तशीच ठेवलेली. कोणीही हेच समजलं असतं. आणि पोर मनाची चांगली आहे. आधीच्या कमिटीतल्या बायका समोरच्या दाराची बेल वाजवायच्या आणि माझं दार बंद असलं तरी मी आत आहे हे ठाऊक असल्यामुळे हळू आवाजात आमंत्रण करायच्या. त्यांच्यावर मी वर्षानुवर्षं मनसोक्त रागावले. चांगुलपणावर रागवता येत नाही, ही खरी पंचाईत. राजसीने मला वगळलं नाही. तिने आमच्या यांना वगळलं.

आमचे हे, म्हणजे श्यामकांत, वारलेले नाहीत. निदान वारलेले कोणी पाहिलेले नाहीत. दर सोमवारी ते अंबरनाथला शिवमंदिरात जायचे. देवभोळे अजिबात नव्हते. एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी केली, तिथल्या वासातून सुटून दगडाच्या गारव्यात अर्धा तास गप्प बसायला मिळतं, एवढंच त्यांचं अध्यात्म. निवृत्त होऊन आम्ही बदलापूरला राहायला आलो तरी सोमवार सुटला नाही. तो महाशिवरात्रीच्या आधीचा सोमवार होता, यात्रेतल्या दुकानांचे बांबू पुरायला सुरुवात झाली होती. निघताना त्यांनी विचारलं, पालक आणू का. मी म्हटलं, आणा, पण बघून आणा, मागच्या वेळी सगळा किडका होता. नेहमीच्या फुलवालीपाशी चपला काढल्या, आत गेले, बाहेर आले. पलीकडच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात ते दिसतात. अनवाणी रस्ता ओलांडताहेत, घाई नाही, एक रिक्षा आधी जाऊ देतात आणि मग चौकटीबाहेर निघून जातात. त्यानंतर कोणालाच दिसले नाहीत. फुलवालीने दिवेलागणीपर्यंत चपला सांभाळल्या आणि मुलगा सोहम तिथे पोचला तेव्हा त्याच्या हातात दिल्या. पोलिसांनी वालधुनी नदीच्या काठाने शोधलं, दवाखाने पाहिले, उल्हासनगरच्या सगळ्या कॅम्पांतल्या वस्त्या पालथ्या घातल्या. त्यांना विस्मरण होतं का, असं प्रत्येकाने विचारलं. चष्मा कुठे ठेवला यापलीकडे ते काही विसरत नसत. मग आडून आडून दुसरा प्रश्न यायचा, घरात काही झालं होतं का. खरं सांगते, काही झालं असतं तर बरं झालं असतं, धरायला एखादं टोक मिळालं असतं. पालकाचं बोलून कोणी घर सोडून जात नाही.

पहिल्या वर्षी सगळ्यांनी हळदीकुंकवाला बोलावलं, आणि मी गेले. ताटं फिरायला लागली की माझ्यापाशी येऊन प्रत्येकीचा हात जरासा थबकायचा. लावायचं की नाही? लावलं तर ही खरोखर सवाष्ण आहे का? नाही लावलं तर आपणच त्या माणसाचं वाईट चिंतल्यासारखं. मग घाईघाईने कपाळाच्या मधोमध न लावता कुठेतरी कडेला बोट टेकवायच्या आणि पुढे सरकायच्या. घरी येऊन आरशात पाहिलं तर कपाळावर पाचसात बोटांचे ठिपके, एकही जागेवर नाही. दुसऱ्या वर्षी मी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, तिसऱ्या वर्षी मला कोणी विचारलंच नाही. पितृपंधरवड्यात कावळ्याला वाढायचं नाही, वटपौर्णिमेला मात्र वडाला दोरा गुंडाळायचा. गंमत अशी की हे घरात होते तेव्हा मी कधी वटपौर्णिमा केली नाही. मी उल्हासनगरच्या शाळेत मराठी शिकवत होते, त्या दिवशी निम्म्या शिक्षिका उपाशी आणि चिडलेल्या असायच्या, मी डबा खायची. हे चिडवायचे, "एवढी सगळी जनता सात जन्मांचं ॲडव्हान्स बुकिंग करतेय, आमचं तिकीट वेटिंगवर." ते गेल्यानंतर मी उपास धरायला लागले. तोही निर्जळी.

आणि मग ते फोन. "मॅडम, एक बॉडी आहे, बघून जाता का?" कधी उल्हासनगर, कधी कल्याण, कधी रेल्वे पोलिस. सोहम पुण्याहून यायचा, आम्ही दोघं जायचो. चादर बाजूला झाली की मी आधी पाय बघायची, का ते सांगता येत नाही. मग चेहरा. मग म्हणायची, "नाही, हे आमचे नव्हेत." त्या नव्हेत म्हणण्यात केवढी सुटका असायची, आणि समोर तर कोणाचा तरी माणूस पडलेला असायचा, ज्याला बघायला कोणीच आलेलं नसायचं. एकदा उल्हासनगरहून परतताना मला कडकडून भूक लागली. गाडीवरचं दाल-पकवान आम्ही उभ्याने खाल्लं. मी दुसरी प्लेट मागितली. तो सिंधी म्हातारा म्हणाला, "अम्मा, चटणी और लो, शरमाओ मत." सोहम माझ्याकडे बघत होता आणि मी चटणी चाटत होते. मला त्या दिवशी स्वतःची किळस आली, पण चव अजून आठवते. मेलेल्या माणसाला पाहून आलं की जिवंत माणसासाठी जेवायचं असतं, असं काहीतरी तेव्हा डोक्यात होतं.

कारण जिवंत ठेवणं हे मोठं काम असतं. लोकांना वाटतं, आशा म्हणजे बसल्या जागी होते. मला रोज त्यांना कुठेतरी ठेवावं लागायचं. सकाळी चहा टाकताना, यांना कोणी चहा दिला असेल का. थंडी पडली की, अंगावर तोच अर्ध्या बाह्यांचा शर्ट असेल का. ऊन चढलं की डांबर तापतं, आणि ते अनवाणी. त्यांना मठात ठेवून बघितलं, आश्रमात ठेवून बघितलं, स्मृती गेल्यामुळे एखाद्या शेतकऱ्याने घरी ठेवून घेतलंय असंही बघितलं. पण कोणत्याच ठिकाणी ते फार दिवस टिकत नसत, पुन्हा रस्त्यावर यायचे आणि चालायला लागायचे. एकदा कोणीतरी सांगितलं, वांगणीला एका फार्महाउसच्या फाटकाशी हुबेहूब माणूस बघितला. आम्ही गेलो. पाठमोरा बसला होता, मानेवरून अगदी तेच, तशीच डावीकडे झुकलेली मान. मी हाक मारली नाही. सोहमला म्हटलं, जरा थांब, गाडीतच थांब. तेवढी दोन मिनिटं ते तिथे होते. मग त्याने वळून पाहिलं, तो वॉचमन होता, बिचाऱ्याने आम्हाला आत बोलावून चहा पाजला. त्या चहाच्या वेळी सोहम बाहेर बांधावर जाऊन उभा राहिला होता, आणि मला आता वाटतं, त्याचं तिथेच ठरलं.

राजसी येऊन गेली त्याच संध्याकाळी सोहमचा फोन होता. रविवारी तो वकिलांना घेऊन येणार आहे. सात वर्षं काही खबर नसेल तर माणूस मृत धरावा असा कोर्टात अर्ज करता येतो, आता ती मुदत संपते आहे. याआधी त्याने विषय काढला की मी फोन ठेवून द्यायची. त्याच्या सासरकडच्या गुरुजींनी तर दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यायचं सुचवलं होतं. मी म्हटलं होतं, गुरुजींना म्हणावं तो पुतळा घरी घेऊन जा आणि पालक आणायला पाठवा. या वेळीही मी तशीच तयारीत होते. पण तो चिडला नाही. म्हणाला, "आई, कोर्टाचं राहू दे एक मिनिट. मला बाबांसाठी एकदा रडायचंय. सात वर्षं झाली, मी रडलेलो नाही. रडायला आलं की तू म्हणतेस, त्यांना काय झालंय रडायला. तू नाही म्हणालीस तर मी वकिलांना परत पाठवीन, पण मग यानंतर मी हा विषय काढणार नाही, आणि बाबांचाही काढणार नाही. मला आता झेपत नाही." मी म्हटलं, "रविवारी येताना माझ्या पायाचं मलम आण, इथे मिळत नाहीये." तो बरं म्हणाला. मला कळत होतं की मुलगा हातातून सुटतोय. एक कुठेतरी चालतोय आणि दुसरा थांबून थांबून दमलाय, आणि दोघांपैकी एकाचंच ऐकता येईल, असं काहीसं ते झालं होतं. मी चालणाऱ्याचं ऐकायचं ठरवलं. ते हयात आहेत असं राजसीलाही सांगायचं, आणि सोहमलाही.

शनिवारी दुपारी भारती भांडी घासायला आली. ती बारवी धरणाकडच्या पाड्यावरून येते, तीन घरं करते, आणि सोसायटीतली प्रत्येक बातमी माझ्या आधी तिला ठाऊक असते. "बाय, हलदीकुकवाला जानार ना? राजसी म्याडम सांगत व्हती, तुमाना पयल्या लायनीत बसवनार." मी विषय बदलायला विचारलं, पदू कुठे आहे सध्या. पदू तिचा नवरा. "इटांच्या भट्टीवर गेलाय. पावसाच्या आंगोदर येल." मी म्हटलं, "आणि नाही आला तर?" तिने तवा उलटा करून त्याचं बूड घासायला घेतलं. "नाय आला तं मी जाऊन आनीन. भट्टी काय पलून जाते?" तिच्या मनात काही नव्हतं, तिला तिच्या माणसाचा पत्ता माहीत होता एवढंच. पण मला एकदम रडू फुटायला लागलं, म्हणून मी गॅलरीत जाऊन वाळत घातलेले कपडे उगाचच उलटे करून घातले. मीही गेलेच असते आणायला. सात वर्षं मी हेच म्हणते आहे, पत्ता द्या, मी जाते.

संध्याकाळी मी कपाटातून मंगळसूत्र काढलं. पदराखाली नाही, बाहेर दिसेल असं घातलं. हिरव्या बांगड्या घातल्या, काठापदराची काळी साडी नेसले, कपाळावर टिकलीऐवजी ओलं कुंकू रेखलं. आरशासमोर उभं राहून वाक्य तयार केलं. राजसी, तुझा गैरसमज झालाय, तुझे काका हयात आहेत. शाळेत मुलांकडून पाठांतर करून घ्यायची तशी स्वतःकडून चारदा म्हणून घेतलं. आवाज चढू द्यायचा नाही, पोरीला वाईट वाटू द्यायचं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे. खाली उतरताना मला कितीतरी वर्षांनी आपण कोणाची तरी बायको आहोत असं वाटत होतं, आणि ते चांगलं वाटत होतं.

क्लबहाउस बायकांनी भरलं होतं. खुर्च्यांच्या पाठींना सॅटिनच्या फिती बांधल्या होत्या, एका टेबलावर वाणाचे प्लास्टिकचे डबे एकावर एक रचले होते, अत्तर आणि तळणीचा वास एकमेकांत मिसळला होता. मी तोंड उघडायच्या आत राजसीने येऊन मला मिठी मारली, आणि तिची नजर गळ्याकडे गेली. तिचे डोळे भरून आले. "काकू, मंगळसूत्र घातलंत. किती छान केलंत. घालायलाच पाहिजे, का नाही घालायचं?" आता या मुलीला काय सांगावं? माझं पाठ केलेलं वाक्य तसंच राहिलं, तिने हाताला धरून मला पहिल्या रांगेत नेलं आणि सरस्वतीबाईंच्या शेजारी बसवलं. म्हटलं, जरा गर्दी निवळू दे, ताट येईल तेव्हा सांगू. पलीकडे तरुण मुली माइक घेऊन उखाणे घेत होत्या. एकेक नाव स्पीकरमधून भिंतीवर आपटत होतं, रोहित, अक्षय, भावेश, आणि प्रत्येक नावाला हशा. मी यांना कधी नावाने हाक मारली नाही, आमच्या वेळी कोण मारत होतं. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं. त्यानंतर मोठ्याने घेतलं ते पोलिस चौकीत. नाव श्यामकांत, वर्ण गव्हाळ, उंची मध्यम, उजव्या भुवईवर जुनी खूण. तो हवालदार म्हणाला होता, जरा हळू सांगा बाई, लिहून घेतोय.

"आमचा म्हातारा असता तर ह्या स्पीकरच्या वर घोरला असता," सरस्वतीबाई म्हणाल्या. त्या मूळच्या वांगणीच्या, म्हशी होत्या त्यांच्या, आता मुलाकडे पहिल्या मजल्यावर असतात. "म्हशी उठायच्या हो. मी म्हणायची, म्हशींवर तरी दया करा. आता घरात एवढी शांतता, तर मलाच झोप लागत नाही." बी विंगमधल्या दोघी हसल्या. त्यातली एक म्हणाली, आमचे बँकेत होते, शेवटच्या आजारपणात नर्सला पण टोकन नंबर विचारायचे. दुसरी म्हणाली, शेवटचं पाणी मीच पाजलं, चमच्याने, दोन चमचे गेले, तिसरा बाहेर आला. हे तिने असं सांगितलं की जणू कालच्या आमटीबद्दल सांगतेय, आणि मग पदराने डोळे टिपले, आणि मग पुन्हा हसण्यात सामील झाली. मी ऐकत राहिले. मला त्यांचा हेवा वाटला. त्या बायकांना त्यांची माणसं सगळी माहीत होती, सुरुवातीपासून शेवटच्या चमच्यापर्यंत. कुठे आहेत ते माहीत होतं, कोणी नेलं ते माहीत होतं, तिथीला काय आवडीचं करायचं ते माहीत होतं. त्यांचे नवरे मेले होते, आणि घरात होते. माझे जिवंत होते, आणि कुठेच नव्हते.

"आणि तुमचे कसे होते हो?" सरस्वतीबाईंनी मला विचारलं. मी तोंड उघडलं ते गैरसमज म्हणायलाच. पण बाहेर आलं ते वेगळंच. मी त्यांच्या रुमालांबद्दल सांगायला लागले. कारखान्यात ज्या महिन्यात ज्या रंगाचा माल निघेल त्या रंगाचे यांचे रुमाल. एक महिना गुलाबी, एक महिना मोरपंखी. नखांच्या कडेलाही तोच रंग. गादीवरच्या चादरीला, उशीला, एकदा तर दूध प्यायलेल्या सोहमच्या बाळसेदार गालाला. अंबरनाथच्या चाळीत शेजारीण दोरीवरचे कपडे बघून सांगायची, या महिन्यात जांभळा दिसतोय. हे म्हणायचे, मी असा माणूस आहे की मला धुतलं तर पाण्यातून पगार निघेल. तिघी हसायला लागल्या. मी त्यांना सात जन्मांच्या बुकिंगचं सांगितलं, गाणं म्हणता येत नसताना आंघोळीत म्हणायचे ते सांगितलं, किडक्या पालकाचंही सांगितलं. कोणीही मला मध्येच थांबवून विचारलं नाही, "काही कळलं का?" सात वर्षं मी यांचा विषय काढला की समोरचा हाच प्रश्न विचारायचा. मी त्यांच्या शोधाबद्दल किती बोलले असेन, त्यांच्याबद्दल नाही. मुलाशीसुद्धा नाही. आता मी बोलत होते आणि ते हळूहळू येत होते, चष्मा, वाकडी मान, तो हसण्याआधी घसा खाकरायचा प्रकार, आणि माझ्या अंगावर काटा येत होता.

मग मागच्या रांगेत कुजबुज झाली. जुन्या कमिटीतली एकजण राजसीच्या कानाशी लागलेली मी पाहिली. राजसी ताट घेऊन माझ्याकडेच येत होती, ती मध्येच थांबली. तिचा चेहरा उतरला. ती पुढे आली आणि वाकून, पण माइक जवळच चालू असल्यामुळे सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "काकू, आय ॲम सो सॉरी. मला खरंच माहीत नव्हतं, काका मिसिंग आहेत ते. मी केवढी मोठी चूक केली. तुम्ही इथे बसायचंच नाहीये. चला ना तिकडे, सवाष्णींमध्ये, तुमची ओटी भरायचीय." कोणीतरी माइक बंद केला. पलीकडच्या खुर्च्यांवरच्या दोन मुली उठून माझ्यासाठी जागा करत होत्या. मी चारदा पाठ केलेलं वाक्य त्या पोरीने माझ्यासाठी आपणहून म्हणून टाकलं होतं, सगळ्यांदेखत, डोळ्यांत पाणी आणून. मला फक्त उठायचं होतं.

मी अर्धी उठलेही. त्या मोकळ्या खुर्चीकडे बघितलं. तिथे जाऊन बसले की ते जिवंत. म्हणजे आज रात्रीही बाहेर, या थंडीत, सत्तरी पार केलेला माणूस, आणि उद्या सकाळी पुन्हा चालायला लागणार. परवाही. मी तिथे बसून आहे तोवर. या तिघींच्या माणसांना कोणीतरी अंथरूण घातलं होतं, आडवं केलं होतं, अंगावर पांघरूण ओढलं होतं. माझ्या माणसाला मी सात वर्षांत एकदाही बसू दिलं नव्हतं. मला त्यांची फार दया आली. बसा आता, मी मनात म्हटलं. पुष्कळ झालं. आणि मी खाली बसले.

"इथेच बरी आहे मी, राजसी."

"अहो पण काकू, काका तर..."

"वारले ते."

हा शब्द मी कधी उच्चारला नव्हता, कोणाला उच्चारू दिला नव्हता. किती साधा होता. राजसीच्या हातातलं ताट कलंडलं, कुंकू साडीवर सांडलं, तिला ते कळलंही नाही. सरस्वतीबाईंनी काही न विचारता माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मग मी रडले. देखण्या साड्या, रचलेले डबे, फिती बांधलेल्या खुर्च्या, या सगळ्याच्या मध्ये बसून, घरात मयत झालं की बाई रडते तशी, तोंड उघडं टाकून, आवाज करून. दोन लहान मुलींना त्यांच्या आयांनी बाहेर नेलं. बाकीच्यांना काय करावं कळेना, मग त्यांनी अशा वेळी करतात तेच केलं. कोणी पंखा लावला, कोणी खुर्च्या मागे ओढल्या, दोघीतिघी खालीच सतरंजीवर येऊन बसल्या. माझ्या पर्समध्ये फोन होता. सोहमला कळवायला हवं, त्याला आता रडू दे, एवढं एक मला त्या रडण्यातही कळत होतं.

चौथ्या मजल्यावर गेल्या महिन्यात भाड्याने राहायला आलेली इरा पाण्याचा पेला घेऊन आली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती माझ्या पायाशी बसली, पेला माझ्या हाती दिला, माझं पिऊन होईपर्यंत थांबली आणि समाचाराला आलेली माणसं विचारतात तसं, अगदी हळू, तिने विचारलं, "कधी झालं?"

"आत्ताच," मी म्हटलं.